काकी, माती आणि मलाक्का

"टुरिस्ट जातात तिथे आपण जायचं नाही," असं हिने मलेशियातल्या मलाक्कात पाय ठेवल्या ठेवल्या जाहीर केलं. मग आपण नेमके कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यामुळे लालभडक डच नगरभवन 'स्टॅडहाउस', शेजारचं 1753 सालचं चर्च आणि जोंकर स्ट्रीट मी नुसती मान वळवून, चालता चालता पाहिले. पोर्तुगीज अल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतला आणि 1511 साली मलाक्का. म्हणजे मध्ये त्याला टेकायला तरी वेळ मिळाला असणार.

इथल्या जुन्या दुकानांपुढे छपराखाली अरुंद पडवी असते, तिला 'काकी लिमा' म्हणतात. लिमा नावाच्या कुण्या काकींनी ती बांधली असावी, अशी मी समजूत करून घेतली. काकींचा लेव्हलशी संबंध नसावा. एका दुकानापुढे पायरी वर, पुढच्यापुढे दीड पायरी खाली, मग कुंडी, मग स्कूटर. त्यात मी हौसेने नवी कोल्हापुरी घातलेली. तिने तिसऱ्या दुकानापाशी चावायला सुरुवात केली.

मग आल्या आळ्या. जालान तुकांग बेसी म्हणजे लोहार आळी, जालान तुकांग इमास म्हणजे सोनार आळी. मी पुण्यात तांबट आळीजवळ वाढलेला, त्यामुळे एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शंभर-दोनशे पावलांत 1748 ची मशीद, 1781 चं विनायगर मंदिर आणि जरा पुढे चिनी देऊळ. विनायकाला हात जोडून मी एकच मागणं मागितलं. बाकडं.

जालान म्हणजे रस्ता, एवढं मलय मला एव्हाना येत होतं. त्यामुळे पुढे 'जालान माती' अशी पाटी दिसल्यावर मी हरखलो. "अगं, मातीचा रस्ता! पायांना बरं वाटेल." पाच मिनिटांनी समोर भिंत. भिंतीवर एक मांजर, आमच्यासारखी पुष्कळ बघितलेली. सायकलवरच्या एका पोराला पाटीचा अर्थ विचारला, तर त्याने डोळे मिटून, जीभ बाहेर काढून मान टाकली. माती म्हणजे मेलेला. रस्ता तिथे वारला होता. आपल्याकडेही लोक मातीला जातात, हे मला आधी आठवायला हवं होतं.

नदीकाठाने कामपुंग मॉर्टेन गाठेपर्यंत दुपार टळली. नदीच्या वळणात वसलेली ही लाकडी घरांची मलय वस्ती खरंच देखणी आहे. पाण्यातून हातभर मान काढून एक घोरपड आमच्याच वेगाने चालली होती. थोड्या वेळाने ती पुढे गेली. एका घराच्या रंगीत फरशांच्या पायऱ्यांवर मी न विचारताच बसलो आणि चप्पल काढली. टाचेवर रुपयाएवढा फोड.

आतून डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी आल्या. आमच्याकडे बघून कळवळून म्हणाल्या, "काकी साकित?"

ही ताठ झाली. "अहो, ह्या मला काकी म्हणाल्या?"

"वयाचा मान असतो त्यांच्यात..."

"त्या सत्तरीच्या आहेत! आणि मी परवाच केस रंगवलेत!"

मी घाईघाईने मोबाइल काढला. काकी म्हणजे पाय. साकित म्हणजे दुखणं. लिमा म्हणजे पाच. मी दोन तास पाच फुटी वाटेवर काकींना दोष देत चाललो होतो. आजींनी तोवर पाणी आणि मलम दोन्ही आणलं. हिनेही मग त्यांच्याशी हसून, अस्सल मराठीत, गप्पा मारल्या.

परतताना मात्र माझा निग्रह संपला. प्लॅस्टिकची फुलं, गुलाबी हॅलो किट्टी, ढणाढण गाणी असलेली तीनचाकी सायकलरिक्षा समोर उभी होती. मलाक्कात याहून टुरिस्टी काही नाही. चालकाने विचारलं, "जालान-जालान?" म्हणजे फेरफटका मारायला निघालात का.

मी टाच वर करून, उभ्या दिवसात कमावलेलं सगळं मलय एका दमात वापरलं. "काकी माती!"

तो खदाखदा हसला. ही नाही हसली.