पाहुण्याला कोणी जर्सी धुवायला देत नाही

डब्लिनकर,

आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या फायनलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी तिचा सारांश देते. 20 जुलै 2025 ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर आमच्या कॉर्क काउंटीची (जिल्ह्याची) टीम हरली त्याचं 'वकीलबाईंनी' हजार शब्द रडगाणं गायलं, पण आदल्याच संध्याकाळी डब्लिनच्या टाला भागात टोळक्याने एका भारतीय माणसाला मारहाण करून त्याचे कपडे काढले, त्यावर चकार शब्द नाही. खेळाडू पैसे घेत नाहीत हा भाबडेपणा आहे, मॅनेजरांना पाकिटं पोचतात. मालवणजवळच्या वराडच्या माणसाचा मुलगा लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला, हे कौतुक आता पुरे. हेल्मेटची माहिती चुकली आहे. आणि शेवटी हे: "चौदा वर्षं राहूनही तुम्ही पाहुण्यासारखं लिहिता. पाहुण्याने जेवण गोडच म्हणायचं असतं."

हेल्मेटचं तुमचं बरोबर. हर्लिंगमध्ये सगळ्यांना हेल्मेटची सक्ती 2010 पासून आहे, मी 'पूर्वीपासून' असं लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता 'वकीलबाई'. मी सातारच्या कोर्टात तीन वर्षं उभी राहिले, इथे येऊन पुन्हा लॉ सोसायटीचे आठ पेपर दिले आणि सॉलिसिटर झाले. कोर्टात समोरचा वकील माझ्या अशिलाची बाजू पार उधळून लावतो, पण सुरुवात 'माझे मित्र' अशीच करतो. त्याने त्याचा मुद्दा लंगडा होत नाही. तुम्हाला मुद्दा मांडायचा होता तर तो तसाही मांडता आला असता. 'बाई' लावून आणि 'रडगाणं' म्हणून तुम्ही त्यात काय भर घातलीत, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मला लागलं ते पाहुण्याचं वाक्य. त्यावर बोलायलाच हवं.

माझी मुलगी सात वर्षांची असताना, 2019 मध्ये, तिला आमच्या गावाच्या क्लबात कॅमोगीला घातलं. कॅमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात सराव संपल्यावर एका आईने माझ्या हातात काळी प्लास्टिकची पिशवी दिली. आत चिखलाने माखलेल्या बावीस जर्सी. "या आठवड्याची पाळी तुमची," म्हणाली, आणि गाडीत बसता बसता मागे वळून, "चिखल आधी वाळू द्या, ओला घासलात तर डाग बसतो." माझं नाव तिला धड उच्चारता येत नव्हतं. कॉर्कच्या पावसात बावीस जर्सी दोरीवर वाळत नाहीत. त्या मी रेडिएटरवर, जिन्याच्या कठड्यावर, मिळेल तिथे टाकल्या. दुसऱ्या दिवशी घरभर वाळल्या मातीचा वास होता. तुम्ही कोणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर तुम्हाला धुणं देतात का हो? आमच्या सातारला तरी देत नाहीत.

तेव्हापासून ही कामं सुटलेली नाहीत. सामन्याला गेटवर पैसे घेणं, सँडविच करणं, आणि आता क्लबची चिल्ड्रन्स ऑफिसर म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाची गार्डाकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, पडताळणी झाली आहे की नाही हे बघणं. या सगळ्याचा एक पैसा कोणाला मिळत नाही. मी खेळाडूंच्या पैशाबद्दल लिहिलं ते इथे उभं राहून लिहिलं. हर्लिंगमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. तुम्ही ज्या गावचे त्या गावाकडून खेळता, ज्या काउंटीचे त्या काउंटीकडून. क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजारांसमोर खेळलेला पोरगा पुन्हा आपल्या नोकरीवर किंवा कॉलेजात जातो. मॅनेजरांच्या पाकिटांची चर्चा इथल्या वर्तमानपत्रांतही होते, ती व्हावी. माझा लेख त्यावर नव्हता.

मे 2021 मध्ये माझे वडील सातारला वारले. करोनामुळे मला जाता आलं नाही, सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर पायरीवर डबे. सँडविच, सफरचंदाचा टार्ट, एका भांड्यात अजून गरम असलेलं सूप. कोणी बेलही वाजवली नव्हती. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात, हे त्या बायकांना कोण सांगणार? त्यांच्याकडेही असंच करतात. त्या टार्टला मी गोड म्हटलं तर ती तुम्हाला पाहुण्याची खुशामत वाटते. मला नाही वाटत.

आणि मी गोडच बोलते हे तरी खरं आहे का? याच पानावर मी लिहिलं आहे की जीएएने, म्हणजे हर्लिंग चालवणाऱ्या संघटनेने, 1971 पर्यंत रग्बी, सॉकर आणि क्रिकेटला 'परके खेळ' ठरवून आपल्या सभासदांना त्यांची बंदी घातली होती, आणि 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं होतं. इथे जन्मलेल्या मुलाचा नागरिकत्वाचा सरसकट हक्क 2004 च्या सार्वमताने गेला, तो निर्णय चूक होता, हेही लिहिलं आहे. माझी मुलगी कॉर्कमध्येच जन्मली, पण आम्हा दोघांची इथली तीन वर्षं भरलेली नव्हती, म्हणून ती जन्माने आयरिश झाली नाही. ते लेख तुम्ही वाचलेले दिसत नाहीत. न वाचता माणसाला पाहुणा ठरवणं सोपं असतं.

वराडकरांबद्दल तुम्हाला कंटाळा आला असेल तर येवो. मला नाही आला.

टालाबद्दल. बातमी मी वाचली होती. पण त्या आठवड्यात मी कोणाबरोबर गार्डा स्टेशनात बसले होते, की नव्हते, हे मी इथे लिहू शकत नाही. अशिलाची गोष्ट ब्लॉगवर येत नसते, एवढं तुम्ही समजून घ्यायला हवं होतं. महिनाभर मुलीला एकटीने बसने पाठवलं नाही, एवढं सांगते. तो विषय एका सामन्याच्या लेखात चार ओळींत कोंबायचा नाही. त्यावर लिहायचं तेव्हा मी लिहीन, आणि ते कधी हे मी ठरवीन, तुम्ही नाही.

राहिलं 'रडगाणं'. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे होतं, आणि दुसऱ्या अर्ध्या सामन्यात सगळ्या टीमला मिळून दोन गुण. टिपेररी 3-27, कॉर्क 1-18 (आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा गुणांचा; एक गोल म्हणजे तीन गुण). कॉर्कने शेवटचं विजेतेपद मिळवलं 2005 मध्ये. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिने ते कधी पाहिलेलंच नाही. येताना ट्रेनमध्ये ती लाल जर्सी घालून खिडकीकडे तोंड करून बसली होती, कॉर्कच्या अलीकडचं मॅलो स्टेशन गेलं तरी बोलली नाही. सोमवारी वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर शिपायापासून बॅरिस्टरपर्यंत कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं, आणि मीही नव्हते. ते मी लिहिलं, आणि पुन्हा तसंच लिहीन.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी 'वकीलबाई' मात्र नको.