जूनमध्ये उन्हाळा सुरू होतो म्हणे!

‘उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, एवढी कामं करा आणि बाग वर्षभर फुललेली बघा.’ खाली गुलाबाचा फोटो, हात जोडलेले, आणि ‘सर्व बागप्रेमींना पाठवा’. कोल्हापुरात सोसायटीच्या ग्रुपपासून तालमीच्या ग्रुपपर्यंत हा मेसेज सगळीकडे पोचलाय. मेसेज खोटा असता तर सोपं होतं. मेख अशी, की तो खरा आहे, फक्त इथला नाही. कॅनडात, स्कॉटलंडात, फिनलंडात यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. कुणीतरी तो उचलून मराठीत आणला आणि देशाचं नाव तेवढं गाळलं. तिकडं बागेचा वैरी गारठा. आपल्याकडं मेअखेरपर्यंत ऊन आणि मिरगापासून पाणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण छत्र्या शोधत असतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘दव गोठायचं पूर्ण थांबल्याशिवाय रोपं बाहेर लावू नका.’ दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो, पण ती महाबळेश्वरच्या वेण्णा लेकची. कोल्हापुरात थंडीतसुद्धा पारा सहसा दहाच्या खाली उतरत नाही. तिकडं मे उजाडला तरी माती गार असते आणि टोमॅटोच्या मुळांना निदान पंधरा-सोळा अंश लागतात, म्हणून ते जूनची वाट बघतात. आपल्याकडं टोमॅटोची अडचण नेमकी उलटी. दिवसा पारा ३५च्या वर आणि रात्री बावीस-तेवीसच्या खाली येईना, की फुलातले परागकणच कामाचे राहत नाहीत. झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात आणि देठापासून गळून पडतात. मग लोक खत वाढवतात. खताचा काय संबंध? मेमध्ये टोमॅटोचा नाद सोडा. पावसात लावला तर करपा सांभाळावा लागतो. घरच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरची लावण सगळ्यात बिनघोर.

मेमध्ये लावायला आपल्याकडं काहीच नाही असं मात्र नाही. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळी करून दोडका, कारलं, भोपळा घालायची चाल आहेच. हळद आणि आलंही त्याच सुमाराला. जिल्ह्यातले भातवाले तर रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीतच धूळवाफ पेरणी करतात, पाऊस आला की उगवून येतं. इतकं पक्कं वेळापत्रक गावात असताना ते गुलाबाच्या फोटोखाली कशाला शोधायचं?

‘रोपं आठ-दहा दिवस थोडी थोडी बाहेर ठेवून सरावू द्या.’ हा एक मुद्दा मी ठेवून घेतो, कारण मात्र बदलून. त्यांची रोपं घरात उबेला वाढलेली असतात, त्यांना गार वाऱ्याची सवय लावायची असते. आपली रोपं नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. ती एप्रिलमध्ये आणून थेट गच्चीवर ठेवली, की दोन दिवसांत पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे चट्टे पडतात. लोकांना वाटतं रोग आला. रोग नाही, ऊन लागलंय. आधी सकाळचं कोवळं ऊन द्या, मग रोज थोडं वाढवत जा.

याच्याच खाली मेसेज म्हणतो, ‘कुंड्या दिवसभर पूर्ण उन्हात ठेवा.’ तिकडचं ऊन तिरपं असतं, मिळेल तेवढं घेतात बिचारे. आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. वरून ते ऊन आणि खालून तापलेला स्लॅब, यांच्यामध्ये काळी ग्रो बॅग. दुपारी तिच्या कडेला हात लावून बघा, हात मागे येतो. मुळं तिथंच असतात. निम्मं ऊन अडवणारी पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, कुंड्या विटांवर उचला आणि एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे मधल्या कुंड्यांना कडेच्यांची सावली मिळते.

यापुढचा सल्ला वाचून तर हसूच आलं : ‘मातीवर काळं प्लास्टिक अंथरून ती तापवून घ्या, आणि माती तापेपर्यंत आच्छादन घालू नका.’ एप्रिलच्या कोल्हापुरात माती तापवायची! आपल्याला आच्छादन माती थंड राहावी म्हणूनच हवं, आणि ते फेब्रुवारी सरता सरता पडलेलं बरं. त्यासाठी कोको पीटच्या विटा मागवायचीही गरज नाही. उसाच्या जिल्ह्यात राहतो आपण. तोड झाली की रानात पाचट पडलेलं असतं, कितीकजण ते पेटवून मोकळे होतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोतंभर आणा, वीतभर तुकडे करा आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून जाड थर द्या. पाचट मातीवर पसरायचं, मातीत मिसळायचं नाही. मिसळलं तर ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. जमिनीतल्या बागेत वाळवी दिसली तर थर हलवून बघत राहा, एवढीच काळजी.

माती मुद्दाम तापवायचा एक खरा उपयोग आहे, पण तो रिकाम्या वाफ्यात. वाफा भिजवायचा, त्यावर काळं नव्हे, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं दाबायच्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतल्या उष्णतेनं तणाचं बी, बुरशी आणि मुळांना लागणारे बारीक सूत्रकृमी बऱ्यापैकी मरतात. झाडं असलेल्या वाफ्यात हे केलं तर झाडंही त्याच वाटेनं जातील.

‘आठवड्यातून एकदा इंचभर पाणी पुरे.’ जमिनीतल्या झाडाला कमी वेळा पण खोल पाणी द्यावं, हे तत्त्व बरोबर आहे. गच्चीवरच्या दहा इंची कुंडीला ते लावलं तर आठवड्यानं पाणी घालायला झाडच उरणार नाही. तिला रोज सकाळी पाणी लागतं, कडक दिवसांत संध्याकाळीही. आधी बोट पेरभर मातीत घालून बघा. वळीव पडून गेला असेल तर त्या दिवशी पाणी नको.

‘फुलझाडांची छाटणी जूनमध्ये, बहर संपल्या संपल्या करा.’ हे लायलॅकसाठी, म्हणजे थंड देशांतल्या एका फुलझुडपासाठी आहे. त्याच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या जुन्या फांदीवर आधीच तयार होतात, म्हणून उशीर चालत नाही. आपला मोगरा नव्या फुटीवर फुलतो. त्याचं पाणी डिसेंबरात तोडतात आणि जानेवारीत छाटतात, तेव्हा कुठं मार्चपासून गजरा घरचा होतो. जूनमध्ये जोरदार छाटून त्या बहराची वाट बघणाऱ्याला पुढचा जानेवारी पुन्हा आहेच.

मेसेजात गोगलगायींचाही एक मुद्दा आहे, तो पावसाळ्यासाठी जपून ठेवा. उन्हाळ्यात जास्वंदीकडं बघा : शेंड्याच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही चिकटलंय आणि खोडावर मुंग्यांची रांग आहे, म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाबरोबर, संध्याकाळी. भर दुपारी तेल मारलं तर पानं करपतात.

शेवटचा मुद्दा : ‘लांब दिवसांचा फायदा घ्या, कांदा लावा.’ जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, आपला तेरा तासांच्या थोडा वर. त्यांच्या कांद्याच्या जातींना गड्डा धरायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो, म्हणून ऑनलाइन मागवलेल्या परदेशी पाकिटातून इथं नुसती पात मिळते. रब्बीला एन-२-४-१ आणि खरिपाला बसवंत ७८० या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या दिवसमानावर पोसतात.

एवढ्या लांबलचक मेसेजात पावसाबद्दल मात्र एक ओळ नाही, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आपलं खरं काम तेच. कुंडीच्या तळाची भोकं मुळांनी बुजलेली असतात, ती सळईनं मोकळी करा. जाळी उतरवा, नाहीतर ढगाळ हवेत पानं ओली राहून बुरशी येते. उंच झाडांना काठ्या द्या. उन्हाळ्यात द्यायचं थांबवलेलं खत आता द्या, पण मुसळधार पावसाच्या तोंडावर नको, सगळं वाहून जाईल. आणि कुंड्यांखालच्या बशा काढा, त्यातल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. धुऊन माळ्यावर टाका, दिवाळीनंतर लागतील.