"हट्टी आहे. लक्ष नाही. मारतो." एवढ्यावर निदान होत नाही

आज एका आईच्या हातात चार घड्या घातलेला कागद पाहिला. मुलगा सात वर्षांचा. शाळेनं दिलेल्या त्या कागदावर तीनच वाक्यं: हट्टी आहे. लक्ष नाही. मारतो. तो कागद वाचून कुणीतरी दहा मिनिटांत 'एडीएचडी' (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता यांचा विकार) सांगितलं आणि गोळीचं नाव लिहून दिलं. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

दहा मिनिटांत एडीएचडी ठरत नाही हो! मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका म्हणजे डीएसएम-५, तिचे निकष स्पष्ट आहेत. लक्ष न लागण्याची ९ लक्षणं, अतिचंचलतेची आणि उतावळेपणाची ९. लहान मुलांत यातल्या एका गटातली निदान ६ तरी हवीत. ती ६ महिने टिकलेली, वयाच्या मानानं जास्त, १२ वर्षांच्या आत दिसू लागलेली हवीत. आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवीत. व्हँडरबिल्टसारखी प्रश्नावली पालकांना वेगळी आणि शिक्षकांना वेगळी असते ती याचसाठी. दोन्ही भरून आल्या तरी त्या फक्त मदतीला. एडीएचडी किंवा ऑटिझम (स्वमग्नता) दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. मुलाचा गरोदरपणापासूनचा इतिहास, प्रत्यक्ष निरीक्षण आणि बाकीची कारणं वगळणं, हाच रस्ता.

ही बाकीची कारणं कुणी पाहिलीच नव्हती. आईनं मागून दोनदा हाक मारली, मुलगा वळला नाही. खांद्यावर हात ठेवला तसा दचकला आणि तिचा हात जोरात झटकला. हाच तो 'मारतो'. कान तपासलेत? नाही. सर्दी? "नेहमीचीच."

कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू येणं कमीजास्त होतं. या आठवड्यात बरं, पुढच्या आठवड्यात वाईट. बहुतेकदा दुखतही नाही, म्हणून मूल तक्रार करत नाही आणि घरचे म्हणतात, 'याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.' गोंगाटात अर्धी सूचना पोचते, उरलेली अर्धी म्हणजे 'लक्ष नाही'. किती ऐकू येतं ते पाहणाऱ्या ऑडिओमेट्रीबरोबर पडद्याची हालचाल पाहणारी टिम्पॅनोमेट्रीही मागा, पडद्यामागचं पाणी तिच्यात कळतं. जन्मल्यावर केलेली चाचणी नॉर्मल होती, हे सातव्या वर्षी उत्तर होऊ शकत नाही.

झोप विचारा. तोंड उघडं ठेवून झोपणं, रोज घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी म्हणजे अ‍ॅडेनॉइड दाखवा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. ती मोडली तर मोठी माणसं पेंगतात, मुलं मात्र सैरभैर होतात. रात्री पाय सतत हलत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहून घ्या. बोलता बोलता काही सेकंद शून्यात नजर, हाक मारली तरी भान नाही, आणि लगेच पुन्हा जिथल्या तिथे, असं वरचेवर होत असेल तर तो फिटचा प्रकार असू शकतो, ईईजीबद्दल (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) विचारा. चालू औषधांची यादी न्या. दमा-अ‍ॅलर्जीच्या मॉन्टेलुकास्टनं काही मुलांची झोप आणि वागणं बिघडतं, फिटच्या लेव्हेटिरासिटामनं काहींची चिडचिड वाढते. पण म्हणून औषध आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

शाळेची बाजूही आहे, कबूल. भरलेल्या वर्गात एक मूल मारतंय तर शिक्षक हतबल होणारच. आणि गोळ्यांना माझा विरोध नाही. नीट निदान झालेल्या मुलाला त्यांनी खूप फायदा होतो.

पण तो कागद डोळ्यांसमोरून जात नाही. तीन वाक्यं, आणि एकातही 'कधी' नाही, 'कशानंतर' नाही.

भेटीला जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. वार, वेळ, लगेच आधी काय झालं, मुलानं नेमकं काय केलं, किती वेळ, त्यानंतर तुम्ही काय केलंत. 'चिडला' लिहू नका, 'पेन्सिल फेकली' लिहा. चांगले गेलेले दिवसही लिहा. पंधरा दिवसांत दिसायला लागतं की मूल काही टाळतंय, काही मागतंय, कुणाचं लक्ष वेधतंय की आवाज-स्पर्श सहन होत नाहीये. एकदोन मिनिटांचा व्हिडिओही काढून ठेवा, कारण तपासणीच्या खोलीत बरीच मुलं शहाण्यासारखी बसतात आणि आई खोटी पडते.

जावं मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञाकडे म्हणजे डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियनकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टचं मूल्यमापन सोबत लागतं. 'हे दुसरं काय असू शकतं?' हा प्रश्न विचाराच. एक नाव मिळालं म्हणजे दुसरं नसतं असंही नाही. ऑटिझम आणि एडीएचडी एकत्र लिहायला २०१३ पर्यंत डीएसएमची मुभाच नव्हती. त्या समजुतीतून काही लोक अजून बाहेर आलेले नाहीत. आणि मूल आधी बोलत होतं ते शब्द आता बोलेनासं झालं असेल, तर वही भरण्यात दिवस घालवू नका. लगेच जा.

शिक्का बसेल म्हणून थांबणाऱ्यांनो, शिक्का तर बसलाच आहे. 'हट्टी' हा शिक्काच आहे, आणि त्यानं ना थेरपी मिळते ना परीक्षेत जास्तीचा वेळ.

"लाड केले का हो मी?" असं त्या आईनं जाताना विचारलं. नाही, बाई. तुम्ही सात वर्षं एकटीनं ओढलंय. कानाचा दोष सापडेल, ऑटिझम सापडेल, दोन्ही सापडतील, ते तपासणीत कळेल. तोच कागद उलटा करून तिनं कालची पहिली नोंद केली: 'सोमवार, ४:१०. पंखा चालू. मागून "बूट काढ" म्हटलं, तीनदा. वळला नाही. हाताला धरलं. चावला.'