नवकविता वास्तवापासून पळालेली नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या साहित्याच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवकवितेचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर यांच्यापासून मराठी कवितेनं वास्तव सोडलं आणि ती कल्पनेच्या नादी लागली, हे खूळ परदेशातून आलं, आपल्या बेळगावच्या कवयित्री इंदिरा संतही सीमाभाग धुमसत असताना स्वतःच्या दुःखात रमल्या, तेव्हा नवोदितांनी यापुढे 'जे दिसतं तेच' लिहावं. कडोली, उचगावच्या संमेलनांत कविता वाचणारी आपली पोरं हे वाचतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

वास्तव सोडल्याचा आरोप आधी घेऊ. मर्ढेकरांची गणपत वाण्यावरची कविता काढून बघा. जिरे, धणे, खोबरेल, तिळाचं तेल. झोपायला गोणपाटावर विटकरी सतरंजी, उशाला पोतं, आडोशाला तुपाचा वास. निपाणीच्या पेठेत किंवा आपल्या खडेबाजारात किराणा दुकानामागच्या खोलीत ज्यानं रात्री काढल्या आहेत, त्याला यातली एकही वस्तू समजावून सांगावी लागणार नाही. पण एवढ्यावर थांबले असते तर ती मालाची यादी झाली असती. हा वाणी बिडी पिताना काडी चावत बसतो आणि मनाशीच म्हणतो, 'ह्या जागेवर बांधिन माडी'. माडी काही उभी राहत नाही. चावून फेकलेल्या काड्या तेवढ्या दुकानाच्या जमिनीत रुतत जातात, आणि एक दिवस तो बिडी पितापिताच मरून जातो. इथं कल्पना कुठं संपते आणि वास्तव कुठं सुरू होतं ते मजकूर लिहिणाऱ्यानं दाखवावं. माडी कुठंच नाही, पण ती मनात बाळगणं ही त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. स्वप्नांवर बिडीचा धूर सांडतो असं मर्ढेकर लिहितात, तेव्हा त्या दुकानातली घुसमट आपल्या नाकाशी येते. बातमीदाराला ती सापडली नसती.

परदेशी खुळाबद्दल फार लिहायला नको. मर्ढेकर इंग्लंडला शिकून आले, इंग्रजी कवी एलियट त्यांनी वाचला होता, हे कुणी लपवलेलं नाही. पण त्यांनी अभंगाचा छंदही हाताळला, आणि त्यांचा गणपत वाणी निजताना वाचतो ती तुकोबांची गाथा. शिवाय वास्तव सोडा असं परदेशातले कवी सांगतात, हे मजकुरातलं सुचवणंही उलटं आहे. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्स कल्पनेचा मोठा कैवारी. नोकरी मात्र हार्टफर्डच्या विमा कंपनीत, तीही थेट उपाध्यक्षपदापर्यंत. १९५१ साली आलेल्या 'द नेसेसरी एंजल' या निबंधसंग्रहात त्यानंच बजावलंय की कल्पनेनं वास्तवाला धरून राहणं सोडलं की तिच्यातला जीव जातो.

इंदिराबाईंवरचा आरोप वाचून मात्र संताप आला. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. त्यानंतर बेळगावात नोकरी करत, मुलं वाढवत त्यांनी 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५) आणि 'मृगजळ' (१९५७) लिहिले. यातल्या शेवटच्या दोहोंच्या मध्ये, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. त्यांनी घोषणांची कविता लिहिली नाही, कबूल. पण जो माणूस नाही त्याच्याशी कवितेतून बोलत राहणं याला पळ काढणं म्हणायचं? तो नाही हे पक्कं ठाऊक असलेली बाईच तसं बोलू शकते. ज्या घरात अवेळी माणूस गेलाय त्या घराला विचारा, हे वास्तव की कल्पना.

राहिला 'जे दिसतं तेच लिहा' हा सल्ला. १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी आपल्या गावांत काय दिसलं असेल? घरं तिथंच, शेतं तिथंच, मार्कंडेय नदी तिथंच. राज्य तेवढं बदललेलं, आणि ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं. दरवर्षी आपण काळा दिन पाळतो तो त्या न दिसलेल्या गोष्टीसाठीच ना? ती लिहायला बसलेल्या कडोलीच्या पोराला नुसते डोळे पुरायचे नाहीत. त्या रात्री आजोबा अंथरुणावर पडून काय विचार करत असतील, हे त्याला कल्पावंच लागेल. ते करताना कुणी त्याला अडवू नये.