दही-गुळाने कोकराची लोकर वाढत नाही

मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या शेळी-मेंढीपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सारखा फिरतोय: कोकरू जन्मल्यापासून त्याला रोज दही, गूळ आणि यीस्ट पाजा, पोटातले जंतू वाढतील, वजन दुप्पट होईल, लोकर दाट येईल. कोठीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटातल्या, जंतूंवर वाढ अवलंबून असते, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं ऐकलं तर कोकरं दगावू शकतात.

"जन्मल्यापासून पाजा." नवजात कोकराचं कोठीपोट अजून कामाला लागलेलं नसतं. चोखताना अन्ननळीची पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. पहिल्या दोन तासांत त्याला आईचा चीकच हवा: वजनाच्या किलोमागे ५० मिली, आणि २४ तासांत वजनाच्या किमान दहा टक्के. दह्याने पोट भरलं की तेवढा चीक कमी जातो, आणि रोगाशी लढायचं बळ चिकातूनच येतं. कोठीपोटातले जंतू आईच्या चाटण्यातून, लाळेतून, चाऱ्यातून आपसूक येतात. त्यासाठी कोकरू आईजवळ असलं की पुरे.

"गुळाने जंतू वाढतात." वाढतात, पण नको ते. गोड किंवा पिठूळ खाणं एकदम पोटात गेलं की लॅक्टिक आम्ल करणारे जंतू माजतात, कोठीपोटाचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि चारा पचवणारे जंतू मरतात. रवंथ थांबते, आंबूस वासाची हगवण लागते, जनावर आडवं होतं. बकरी ईदच्या आधी ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत बांधलेल्या मेंढ्यांना मायेने पाव, भात, चपात्या चारतात, तिथेही हेच घडतं. शिवाय अशा खाण्याने आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या रोगाचा, धोका वाढतो. त्याची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्या.

जंतूंना काम द्यायचं तर दुसऱ्या आठवड्यापासून खुराक आणि कोवळा चारा समोर ठेवा. खुराक आंबताना तयार होणारं ब्युटिरिक आम्ल कोठीपोटाच्या आतले अंकुर वाढवतं, आणि पोषण शोषून घेतात ते हेच अंकुर. १०० किलो मिश्रणात मका भरडा ४०, शेंगदाणा पेंड ३०, गव्हाचा कोंडा २७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचंच घ्या; गाई-म्हशींच्या मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते. पेंडीला बुरशी नको. चिमूटभरापासून सुरू करा आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा. खुराक आडोशात ठेवा; त्याच्या गजांत १५-२० सेंटीमीटर फट ठेवली की कोकरं आत जातात, मोठ्या मेंढ्या बाहेर राहतात. युरिया कोकरांना अजिबात नको.

"लोकर दाट येते." लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, आणि त्याला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागतं; मेथिओनिन हे तसंच दुसरं. मेंढीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग मेलेल्या जंतूंचाच असतो, पण लोकरीच्या मानाने त्यात सिस्टीन-मेथिओनिन कमी. वरून दिलेलं साधं मेथिओनिन जंतूच मोडून टाकतात. म्हणून १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ही द्रव्यं कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात सोडली, तेव्हा लोकर वाढली. दह्यात तशी सोय नाही. त्यातही केसांच्या मुळांची संख्या बरीचशी गर्भातच ठरते, म्हणून गाभण मेंढीच्या शेवटच्या दीड महिन्यातल्या खाण्यावर खर्च करा. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडीच. कोणत्याही पेयाने ती मऊ होणार नाही.

"यीस्टने सगळं सुधारतं." भरपूर धान्य खाणाऱ्या मोठ्या जनावरात थोडा उपयोग होतो. दूध पिणाऱ्या कोकरात यीस्टवर पैसे घालवू नका.

जंतू बाहेरून दिल्याने खरंच फरक पडल्याचं एक उदाहरण आहे, आणि ते सुबाभळीचं. तिच्यातल्या मिमोसिन या विषाने मेंढीची लोकर गळते, आणि ते मोडल्यावर उरणारं डीएचपी नावाचं द्रव्य गलगंड करतं. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपी पचवणारे जंतू सापडले. १९८० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि बाधा थांबली. तिथे नेमकं विष आणि त्यावरचा नेमका जंतू माहीत होता. आपल्याकडे बांधावरची सुबाभूळ तोडून घालताना ती एकूण चाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि लोकर गळू लागली तर लगेच बंद करा.