गुंगीचं औषध आणि हार मानणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘लेकराला गुंगी देऊन झोपवायचं आणि आईबापाला हार मानायला शिकवायचं, हीच का तुमची सेवा? आणि एवढ्याशा पोराला आजाराचं काय सांगायचं?’ असं तुम्ही लिहिलंत. पुतण्याची केमो सुरू आहे हेही लिहिलंत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

आधी माझी चूक. मागच्या लेखात पॅलिएटिव्ह सेवा, म्हणजे आजाऱ्याचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, ‘उपचार थांबल्यावर’ द्यायची असं मी लिहिलं, त्यावरून तुमचा तसा समज होणारच. मुलांची पॅलिएटिव्ह सेवा निदान झाल्यापासून, केमोच्या जोडीनं सुरू करायची असते. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची व्याख्याही तेच सांगते. रक्ताच्या कर्करोगाची कितीतरी पोरं पूर्ण बरी होतात, पण सुया आणि तोंड येणं त्यांनाही चुकत नाही.

आता मॉर्फीन, म्हणजे तुम्ही ज्याला गुंगी म्हणता ती तीव्र दुखण्यावरची गोळी. मी बावीस वर्षं इथं वॉर्डात सिस्टर होते. कागलकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा, हाडाचा कर्करोग. चार रात्री कण्हत होता आणि आम्ही त्याला ‘दुखलं की सांग’ म्हणत होतो! ही गोळी घड्याळ लावून, साधारण दर चार तासांनी, दुखणं परत यायच्या आत द्यायची असते. वजन बघून थोड्यापासून सुरुवात करतात, मग बेतानं वाढवतात; असं दिलं तर श्वास मंदावण्याचा धोका फार कमी. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच. पहिले दोन दिवस तो झोपूनच होता. आईनं आम्हाला तुमच्यासारखंच फैलावर घेतलं. पण चार रात्रींची झोप साठली होती त्याची. तिसऱ्या दिवशी उठून बसला, पांढरा रस्सा मागितला, दोन घोट घेतले आणि तांबडा का नाही आणला म्हणून आईशी भांडला.

या गोळीसाठी घरच्यांना वणवण करावी लागते, हे मात्र खरं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे इतके परवाने लागायचे की बरेच दवाखाने त्या भानगडीतच पडेनात. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली, मनातली भीती तेवढी राहिली.

सांगण्याबद्दल. त्याच मुलानं वडिलांना विचारलं, ‘पुढच्या चैत्रात जोतिबाला जायचं ना?’ वडील म्हणाले, ‘जाऊया की,’ आणि बाहेर गेले. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. रात्री मला हळूच विचारलं, ‘सिस्टर, बाबा बाहेर जाऊन रडतात का?’ मी हो म्हटलं. मग तो बराच वेळ बोलत होता. सगळं एकदम सांगा असं मी कधीच म्हणत नाही. विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्या. चैत्र लागायच्या आधीच तो गेला, घरी, आजीच्या अंथरुणावर.

पुतण्याला धाकटी बहीण आहे म्हणालात. तिच्याशी कोण बोलतंय? भावाशी भांडले म्हणून तो आजारी पडला, असं मनात धरून बसलेली पोरं मी पाहिली आहेत.

आणि पुढच्या केमोला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढं विचारा : रात्री दोनला दुखायला लागलं तर फोन कुणाला करायचा? नंबर लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा.