टॅबला वाय-फाय लागेना म्हणून टॅब पुसू नका

माझ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. ‘टॅबला वाय-फाय लागत नाही? कंपनीला फोन करू नका, हे ७ उपाय करा, १०० टक्के गॅरंटी’ अशी त्याची सुरुवात आहे आणि शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. सात उपाय थोडक्यात असे. एक, राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून ३० सेकंद दाबून धरा. दोन, टॅब बंद करून पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबा, ‘वाइप डेटा’ निवडा, टॅब नव्यासारखा होतो. तीन, खालच्या लिंकवरून ‘वाय-फाय बूस्टर’ घ्या. चार, वाय-फायचा पासवर्ड काढून टाका, अडथळा जातो. पाच, राउटर छताजवळ उंच ठेवा आणि मागे ॲल्युमिनियमचं फॉइल लावा. सहा, टॅबची तारीख-वेळ बरोबर करा. सात, वाय-फायचं नाव ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा.

मावशी सदुसष्ट वर्षांची आहे, सोलापूरच्या साखर पेठेत एकटी राहते. मुलगा पुण्यात. टॅबवर ती भजनं ऐकते आणि रोज रात्री नातवाशी बोलते. मे महिन्यातल्या एका दुपारी तिने पहिला उपाय केला. त्याने काही झालं नाही म्हणून दुसरा केला. चार वाजता मला फोन आला, “अगं, आता तर काहीच येईना की. टॅब माझंच नाव विचारलालाय.” जुळे सोलापुरातून मी तिच्याकडे पोचले तेव्हा घरातलं सगळं नेट बंद होतं, टॅब कोरा झाला होता आणि काकांचे फोटो गेले होते.

म्हणून मी दुसऱ्या उपायापासूनच सुरुवात करते.

‘वाइप डेटा’ म्हणजे टॅबमधलं सगळं पुसणं. फोटो, रेकॉर्डिंग, लिहून ठेवलेलं, सगळं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. ‘नव्यासारखा होतो’ एवढंच लिहिलंय, आणि मावशीने त्याचा अर्थ ‘साफ होतो, वेग वाढतो’ असा घेतला. कुणीही तसाच घेईल. काका गेले त्याच्या आधीच्या संक्रांतीला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी, पांढऱ्या बाराबंदीतले त्यांचे फोटो मावशीने याच टॅबवर काढले होते. बॅकअप चालू नव्हता. टॅबमध्ये वेगळं मेमरी कार्ड घातलेलं असतं आणि फोटो त्यावर असते, तर बहुतेक वाचले असते. कार्ड नव्हतं. मावसभावाला तेव्हा पाठवलेले चार फोटो त्याच्या फोनमध्ये सापडले, तेवढेच आता आहेत.

आणि हा उपाय निव्वळ उपाय म्हणून तरी बरोबर आहे का? नाही. बटणं दाबून, बाहेरून टॅब पुसला की अँड्रॉइड तो चोरीचा असू शकतो असं धरून चालतं. आधी त्यावर जे गूगल खातं होतं त्याचा ई-मेल आणि पासवर्ड दिल्याशिवाय टॅब सहसा उघडत नाही. हे कुलूप अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे, आणि चोरीला आळा बसावा म्हणून ते असायलाच हवं. पण ते खातं तपासायला टॅबवर इंटरनेट चालू असावं लागतं. मावशीचा टॅब बिनसिमचा. म्हणजे ज्याला वाय-फाय लागत नाही, त्याला हा मेसेज अशा जागी नेऊन ठेवतो जिथे वाय-फाय लागल्याशिवाय सुटकाच नाही. शेवटी माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला, खात्याचा पासवर्ड मावसभावाकडून फोनवर घेतला आणि रात्री साडेनऊला टॅब उघडला. ज्या घरात खातं कुणी उघडून दिलं तेही आठवत नाही, तिथे त्या टॅबचं काय होत असेल? हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी याचा विचार करावा.

आता पहिला उपाय, टाचणीचा. ते भोक राउटर बंद-चालू करण्यासाठी नसतं. टाचणी दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. बऱ्याच फायबर जोडण्यांत नेटवाल्याने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड त्या डब्यात भरलेलं असतं, तेही पुसलं जातं. मग फक्त टॅबचं नाही, घरातल्या प्रत्येक फोनचं आणि टीव्हीचं नेट जातं, आणि लाइनमन येऊन पुन्हा भरेपर्यंत येत नाही. मावशीकडे तो दुसऱ्या दिवशी अकराला आला. मेसेजची पहिलीच ओळ म्हणते कंपनीला फोन करू नका, आणि पहिलाच उपाय केल्यावर कंपनीला फोन करण्यावाचून काही उरत नाही.

तिसऱ्या उपायापर्यंत मावशी पोचली नाही, कारण दुसऱ्यातच टॅब बंद पडला होता. नाहीतर तिने ती लिंकही दाबली असती. टॅबची अँटेना जेवढी आहे तेवढीच राहते, कुठलंही ॲप तिची ताकद वाढवत नाही. मग प्ले स्टोअरच्या बाहेरून, लिंकवरून येणारी ही फाइल टॅबमध्ये शिरून करणार काय? लग्नपत्रिकेच्या, ई-चलनाच्या, पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइलींनी लोकांची बँक खाती कशी रिकामी झाली ते आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या फाइली मेसेज वाचायची परवानगी मागतात, ओटीपी उचलतात, स्क्रीन बघतात. बूस्टरच्या नावाची फाइल त्यांच्याहून वेगळी समजायचं काहीच कारण नाही. कुणी ती घेतली असेल तर लगेच नेट बंद करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचा तो सरकारी नंबर आहे.

पासवर्ड काढून टाकण्याबद्दल एकच गोष्ट सांगते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं होतं. पाठवणारा दुसराच होता, पण एटीएस आधी त्या घराच्या दारात गेलं. वाय-फाय उघडं टाकून टॅब लवकर जोडला जातो असं नाही. रस्त्यावरचा कुणीही जोडला जातो, एवढं मात्र नक्की.

फॉइलचं म्हणाल तर ते वाय-फायच्या लहरी परतवतं हे खरं आहे. म्हणजे एका बाजूला थोडी रेंज वाढली तर दुसऱ्या बाजूची जाते, आणि मावशीचं स्वयंपाकघर नेमकं त्या दुसऱ्या बाजूला आहे. राउटर उंच आणि मोकळा ठेवावा हेही मान्य. पण ‘छताजवळ’ हे आपल्या गावात सांगू नये. पेठांमधल्या कितीतरी घरांना वर पत्रा आहे. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा बाहेर सावलीतच बऱ्याचदा त्याच्या वर असतो. पत्र्याखाली किती होत असेल ते तिथे झोपणाऱ्याला विचारा. तापलेला डबा अडखळतो, मधेच बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि लोक टॅबला दोष देतात. राउटर छातीएवढ्या उंचीवर ठेवा, हवेशीर जागी, लोखंडी कपाटापासून लांब.

सहावा आणि सातवा उपाय बरोबर आहेत. मेसेजमधली ही दोनच कामाची वाक्यं आहेत, हे मला मान्य करावं लागतं. बॅटरी पूर्ण उतरून टॅब बरेच दिवस पडून राहिला की कधीकधी त्याची तारीख मागे जाते. मग वाय-फाय जोडलेलं दिसतं पण बऱ्याच साइट उघडत नाहीत, कारण साइट खरी असल्याचं जे प्रमाणपत्र असतं त्याला मुदत असते आणि टॅब ती स्वतःच्या तारखेशी ताडून बघतो. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवली की झालं, आणि नेटच नसेल तर एकदा हाताने घाला. ‘फर्गेट’ करून पुन्हा पासवर्ड घालणं तर पहिल्या दोन मिनिटांतच करायला हवं. राउटर बदलला, नाव तेच ठेवलं आणि पासवर्ड वेगळा, असं झालं की टॅब जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतो.

पण मग ही दोन वाक्यं शेवटी का? माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ज्याने काही बिघडत नाही ते शेवटी, आणि ज्याने परत न येणारं जातं ते आधी. साधी माणसं वरून खाली करत जातात. मावशी तशीच गेली.

गूगलचं अँड्रॉइडसाठी मदतीचं पान आहे, ते या मेसेजशेजारी ठेवून वाचा. तिथला क्रम असा: टॅब बंद करून चालू करा. वाय-फाय बंद करून चालू करा. दुसरा फोन त्याच वाय-फायवर चालतो का ते बघा, म्हणजे दोष टॅबचा की नेटचा ते कळेल. नेटवर्क काढून पुन्हा जोडा. राउटरचा प्लग काढा, ३० सेकंद थांबा, पुन्हा लावा. हे ३० सेकंद मेसेजवाल्याने बहुतेक तिथूनच उचलले आणि टाचणीला जोडले. एवढं करूनही जमलं नाही तर नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा. ही ‘वाइप डेटा’हून अगदी वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे साठवलेली वाय-फायची नावं, पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटोंना हात लागत नाही. आयपॅडवरही हा पर्याय आहे, ‘जनरल’मध्ये अगदी खाली.

दुसरा फोन लावून बघणं हे त्यातलं सगळ्यात मोलाचं. फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि टॅबच्या शेजारीच बसून बघा. फोनही चालत नसेल तर टॅबला हात लावू नका, राउटरकडे जा. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झालेला असेल तर लाइन तुटली आहे किंवा वायर निघाली आहे, नेटवाल्यालाच सांगा. रस्ता खोदला की आपल्याकडे हे नेहमीचं आहे. फोन चालतो आणि टॅब नाही, तर टॅब नेमकं काय म्हणतो ते वाचा. ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ म्हणत असेल तर तारीख बघा, राउटरचा प्लग काढून लावा. पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर फर्गेट करा. वाय-फायचं नावच यादीत दिसत नसेल, तर जुन्या टॅबला बऱ्याचदा वाय-फायची फक्त २.४ गिगाहर्ट्झची लहर कळते आणि राउटर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर ठेवलेला असतो. २.४ चालू करून घ्या. भिंतीपलीकडे तीच लहर जास्त पोचते, जुन्या दगडी भिंतींच्या घरांत तर नक्कीच.

मावशीच्या टॅबचं दुखणं यातलं कुठलंच नव्हतं. चार दिवसांपूर्वी नेटवाल्याने राउटर बदलला होता. नाव तेच, पासवर्ड तोच ठेवला, मावशीला त्रास नको म्हणून. पण नव्या डब्यावर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ ठेवलेला होता. अँड्रॉइडला तो १० व्या आवृत्तीपासून कळतो आणि मावशीचा टॅब ९ वर आहे. तिचा फोन नवा, म्हणून फोन चालत होता. टॅब दहादा पुसला असता तरी तो जोडला गेला नसता. लाइनमन नाव-पासवर्ड भरायला आला तेव्हा मी शेजारी बसून सुरक्षेचा रकाना डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र करून घेतला. टॅब लगेच जोडला गेला. काम दोन मिनिटांचं होतं.

हे सगळं मी मावशीच्या ग्रुपवर लिहिलं. त्यावर एका काकूंनी उत्तर दिलं, “आमचं तर टाचणीनेच चालू झालं.” काकू, बऱ्याच राउटरमध्ये ते बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडलं तर तो फक्त बंद होऊन चालू होतो, जास्त वेळ धरलं तरच पुसतो. तुमचा हात लवकर सुटला म्हणून निभावलं. मावशीने मेसेज नीट वाचून, घड्याळ लावून पूर्ण तीस सेकंद धरलं होतं. पुढच्या वेळी टाचणी नको, प्लग काढा. आणि त्या संक्रांतीला अक्षता सोहळ्यात तुम्ही मावशीबरोबर होतात, तर तुमच्या फोनमध्ये काकांचा एखादा फोटो आहे का ते जरा बघाल का?